भिंतीवरचा कोरा हात

ही गोष्ट खरी आहे.

कुणाकुणाकडून फिरत आलेली नाही. ज्याच्यावर बेतली त्याने माझ्यासमोर बसून सांगितली. पुढेही पुन्हा पुन्हा सांगितली, आणि दरवेळी शब्दाला शब्द तोच. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना मीठमसाला घालतो. यानं कधी चिमूटभरही घातला नाही.

दादाची मुलगी नर्सिंग शिकायला परगावी गेली, त्या वर्षी हे घडलं.

लोक म्हणतात असलं काही रात्री होतं. हे दुपारी झालं. ऊन असं की अंगणातल्या कोब्यावर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

दादा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा थोरला मुलगा. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही. माझी बहीण म्हणजे त्याची आई. या गोष्टीत मी तिला आईच म्हणते.

दादाचा धंदा फरशी पॉलिशचा. जमीन कसलीही असो, त्याचं मशीन फिरलं की आरसा. मशीन पोहोचत नाही तिथे तो गुडघे टेकून हाताने दगड घासायचा. त्याच्या कामात कोपरा राहिला असं कधी झालं नाही. ही शिस्त आईची. लहानपणी भांडी घासायला बसवायची आणि कढईच्या कानापाशी काळं दिसलं की परत पुढ्यात टाकायची. म्हणायची, डाग ठेवू नये, ठेवलेला डाग माणसाची वाट बघत बसतो.

धाकटा याच्या बरोबर उलटा. तो गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायचा. एक भाऊ आयुष्यभर घासत राहिला, दुसरा आयुष्यभर फासत राहिला. गल्लीत लोक हसायचे, एकाच घरात बिघाड आणि दुरुस्ती दोन्ही मिळते म्हणून.

धाकट्याला एक सवय होती. स्प्रेचा नवा डबा उघडला की तो खुळखुळवायचा, डावा पंजा भिंतीवर टेकवायचा आणि त्यावर एकदा फवारा मारायचा. हात उचलला की भिंतीवर रंग, आणि रंगाच्या मधोमध कोरा हात. बोटांची कड स्वच्छ उठली म्हणजे डबा चांगला. ही त्याची पारख.

तो हात कुणाचा, ते विचारावं लागत नसे. करंगळीशेजारचं बोट अर्धं होतं.

ते बोट लहानपणी दादाच्या मशीनच्या पट्ट्यात गेलं होतं. चूक कुणाची, ते देव जाणे. पण धाकट्याने ते कधी पोटात ठेवलं नाही, ओठावरच ठेवलं. भांडण कशावरूनही सुरू होऊ दे, शेवट ठरलेला. हात वर करायचा आणि म्हणायचा, "जे माझं असतं ते तू कापून नेतोस."

घर एकच, पण वाटण्या झालेल्या. पुढचा भाग दादाचा, मागचा धाकट्याचा. मध्ये अंगण. आई धाकट्याकडे राहायची. मग तिची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलायची. धाकटा आणि त्याची बायको दोघंही कामावर जायचे, आई एकटी पडायची.

एके दिवशी दोघं कामावर असताना दादाने आईला खुर्चीसकट उचलून पुढच्या घरात आणलं.

विचारलं नाही. सांगितलंही नाही.

धाकटा घरी आला तेव्हा आईची खाट रिकामी. तो अंगणात उभा राहून जे बोलला ते सगळ्या गल्लीने ऐकलं.  दादाने पुढच्या आठवड्यात अंगणाच्या मधोमध फळ्या ठोकल्या, सळ्या बांधल्या आणि काँक्रीटची भिंत ओतली. माणसाच्या डोक्याहून उंच. येण्याजाण्याला दार ठेवलं नाही. धाकट्याला आता मागच्या बोळातून जावं लागायचं.

आईच्या खोलीची खिडकी बरोबर त्या भिंतीसमोर होती. दुसरं काही दिसायचंच नाही. आई दिवसभर भिंत बघायची.

आणि मग तो हात आला.

पहिला हात जिवंत माणसाचा होता, हे आधीच सांगते. दादा कामावर गेलेला. धाकटा पुढच्या फाटकातून आला आणि दार वाजवलं. दादाच्या बायकोने, थोरलीने, कडी काढली नाही. नवऱ्याचा हुकूम. धाकटा बाहेरून एवढंच म्हणाला, "वहिनी, दार नका उघडू. दादाला सांगा, हात ठेवून चाललोय. आईला न्यायला येणार आहे."

मग डबा खुळखुळल्याचा आवाज. मग फिस्स.

खिडकीच्या बरोबर समोर, भिंतीवर, काळ्या रंगात कोरा हात. बोट अर्धं.

त्याच आठवड्यात धाकटा गेला. गॅरेजमधल्या रंग मारायच्या बंद खोलीत पंखा बंद पडला होता आणि हा तोंडाला काही न बांधता काम करत बसला होता. दुपारी जेवायला बाहेर आला नाही म्हणून बघायला गेले. भिंतीला टेकून बसलेला सापडला. डबा हातातच.

आईला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, धक्का सोसणार नाही. दादाने ते शब्द झेलले. आई रोज विचारायची, "तो... आला?" दादा म्हणायचा, "बाहेरगावी काम निघालंय त्याला. मोठं काम आहे."

 आई भिंतीवरच्या हाताकडे बघत राहायची.

थोरलीला ते सहन होईना. ती म्हणायची, "अहो, घासता ते कामधंद्यावर. घरातली भिंत तेवढी बरी राहते तुमची."

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दादाने हात घातला.

काँक्रीटवरचा रंग पुसायचा म्हणजे घाईचं काम नाही. काँक्रीटला बारीक बारीक छिद्रं असतात, रंग त्यात जाऊन बसतो. थिनरचा बोळा फिरवला तर वरचा रंग पातळ होऊन आणखी आत जातो, काळा ढग पसरतो. हे दादाला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तरी त्या दिवशी त्याने पहिला बोळाच फिरवला. राग होता म्हणून.

ढग पसरला.

मग त्याने शहाण्यासारखं केलं. थिनरमध्ये खडूची भुकटी कालवून लगदा केला, रंगावर जाड थापला, वर प्लास्टिक चिकटवलं. लगदा सुकता सुकता रंग वर ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी खरवडला, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासला, पाणी मारलं.

रंग सगळा निघाला. एक ठिपका राहिला नाही.

पण हात राहिला.

दादा बघतच बसला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो स्वतःशीच हसला. हाताच्या जागी रंग नव्हताच कधी. त्याने रंगावर लगदा लावला, भोवतीची भिंत धुऊन पांढुरकी झाली आणि मधली जागा होती तशीच मळकट राहिली. आधी हात रंगात उठून दिसायचा, आता स्वच्छ भिंतीत उठून दिसत होता. जिथे काहीच नाही ते पुसायचं कसं?

याला उपाय एकच. सगळी भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत घासायची. दादाने घासली. उन्हं कलेपर्यंत हात चालत होते. शेवटी भिंत अशी झाली की ती आजच ओतली म्हणावं.

आई खिडकीतून बघत होती.

"झालं," दादा तिला म्हणाला. "बघ आता किती स्वच्छ."

आई म्हणाली, "हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा जेवून पडला होता. थोरली भांडी आवरत होती. सगळी गल्ली चिडीचूप.

आणि त्याने ऐकलं...

खुळखुळ. खुळखुळ. खुळखुळ.

स्प्रेच्या डब्यात एक छोटी गोळी असते, हलवलं की वाजते. तोच आवाज. भिंतीकडून.

मग... फिस्स.

दादा अनवाणीच अंगणात धावला. कोबा तव्यासारखा तापला होता. अंगणात कुणी नव्हतं. फाटकाला आतून कडी.

भिंतीवर पहिल्या जागी काही नव्हतं.

हात भिंतीच्या पायथ्याशी होता. खाली, जमिनीला लागून. जणू कुणी भिंत उतरून आलंय.

दादाने बोट लावलं. रंग ओला होता.

तो बोळातून वळसा घालून सरळ मागच्या घरी गेला. धाकट्याची बायको, तिला सगळे धाकटीच म्हणायचे, ओट्यापाशी भाजी चिरत उभी होती. धाकटा गेल्यापासून दादा तिच्या दारात पहिल्यांदाच उभा होता, आणि आला तो आवाज चढवूनच. नवऱ्याचे डबे कुठे आहेत, भिंतीवर कोण चढतं, म्हाताऱ्या बाईला छळून काय मिळतं, सगळं त्याने एका दमात विचारलं.

धाकटीने सुरी खाली ठेवली. दोन्ही हात पुसले आणि त्याच्यासमोर धरले.

"मोजा," ती म्हणाली. "सगळी बोटं पूर्ण आहेत. एखादं अर्धं हवं असेल तर मशीन तुमच्याकडे आहे."



"ते दारात उभे राहिले तेव्हा तुम्ही कडी काढू दिली नाहीत," ती म्हणाली. "आता मी कडी लावते. जा."

आणि त्याच्या तोंडावर दार लागलं.

दादा परत आला तो दातओठ खात. लगदा थापला. खरवडला. ब्रश असा चालवला की काँक्रीटवर ओरखडे उठले. तेही त्याच्या हाताला शोभणारं नव्हतं. अख्खी भिंत परत धुतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी... खुळखुळ. फिस्स.

या वेळी हात भिंतीवर नव्हताच. अंगणातल्या कोब्यावर होता. बोटं आईच्या खिडकीच्या दिशेला.

थोरलीनेही तो बघितला. तिचा भुताखेतावर विश्वास नव्हता, धाकटीवर मात्र होता. ती म्हणाली, "बाई मोठी पोचलेली आहे." फाटकाला कुलूप लावलं आणि भिंतीच्या माथ्यावर काचा बसवायला सांगितल्या. दादाने बसवल्या. कुलूपही तसंच, काचाही तशाच.

दादा सगळा अंगणाचा कोबा घासून बसला, आणि पुढचा हात आईच्या भिंतीच्या बुडाशी उमटला. खिडकीच्या बरोबर खाली.

आता आई खिडकीतून तो बघू शकत नव्हती. तरी त्या संध्याकाळी दादा तिला दूध पाजत होता तेव्हा ती म्हणाली, "जवळ... आला."

"कोण?"

आईने नुसतं ओठ पुसून घेतले.

दादाने तोही पुसला. का पुसला, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, माझ्या हातांना दुसरं काही येतच नाही.

पुढचा हात खिडकीच्या कट्ट्यावर आला.

खिडकीच्या गजांबाहेर काँक्रीटचा एक हातभर कट्टा होता, त्यावर. बोटांची टोकं गजांना टेकलेली. अर्धं बोट तेवढं गजापर्यंत पोहोचत नव्हतं.

दादाने लगदा कालवला. थापायला हात उचलला. आणि तिथेच थांबला.

त्याला दिसलं. एवढे दिवस डोळ्यांसमोर होतं, पण आता दिसलं. पहिला हात महिनाभर भिंतीवर होता तेव्हा तो तसूभरही सरकला नव्हता. दादा कामाच्या गडबडीत ज्या दिवशी पुसत नसे, त्या दिवशी नवा हात उमटत नसे. पुसला की पुढचा. पुसला की पुढचा.

धाकटा येत नव्हता. दादाच त्याला घासून घासून पुढे आणत होता.

आणि आता पुढची जागा गजांच्या आत होती.

दादाने लगद्याचं घमेलं खाली ठेवलं. थोरलीला बोलावलं आणि सांगितलं, हा डाग कुणीही पुसायचा नाही. तिने कारण विचारलं. त्याने खरं कारण सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "थिनर डोक्यात गेलंय तुमच्या." पण तिने पुसला नाही. त्या कामाचा तिला तसाही कंटाळाच होता.

महिने गेले, पावसाळा आला नि सरला. ऊन उतरलं. थंडी पडली.

खुळखुळ पुन्हा ऐकू आली नाही.

कुणालाही वाटलं असतं, सुटलो. पण दादाची दुसरीच पंचाईत झाली. कट्ट्यावर ठेवलेला तो डाग त्याला दिवसभर दिसायचा. कामावर असला तरी दिसायचा. हात शिवशिवायचे. जेवताना तो अंगठ्याने ताटाची कड घासत बसायचा. त्याने डागावर घमेलं पालथं घातलं. मग त्याला घमेलं दिसायला लागलं.

आईची तब्येत मात्र सुधारत होती. ती उशीला टेकून बसायला लागली. डाव्या हाताने चमचा धरायला लागली. दादाला वाटायचं, आपण जिंकलो. एक डाग ठेवला आणि आईला ठेवून घेतलं. तो रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसायचा, दिवसभराचं काम सांगायचा. ती ऐकायची.

तिने धाकट्याबद्दल विचारणं बंद केलं होतं. हेही दादाला चांगलंच लक्षण वाटलं.

मग ती दुपार आली.

दादा कामावरून लवकर परतला. थोरली शेजारी गेली होती. फाटक उघडून तो आत आला तर अंगणात एक आवाज येत होता...

खस्स. खस्स. खस्स.

हा आवाज डब्याचा नव्हता. हा त्याच्या ओळखीचा होता. पॉलिशचा दगड काँक्रीटवर घासल्याचा.

आईच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता.

दादा सांगायचा, त्या क्षणी मी मेलोच होतो मावशी. मग त्याने नीट बघितलं. हात आईचा होता. डावा. घमेलं कोब्यावर उपडं पडलं होतं. त्याचा दगड, त्याचा थिनरचा बोळा, सगळं त्याने कट्ट्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं होतं. तिथेच ठेवायची सवय. आई खाटेवरून खिडकीशी सरकून, गजाला गाल लावून, एका हाताने कट्टा घासत होती. कपाळावर घाम. बोटांची सालं निघालेली.

डाग गेला होता. एकट्या डागावरच नाही, सगळ्या कट्ट्यावर दगड फिरला होता. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

 दादा म्हणाला, "आई, तो डाग मी ठेवला होता. मुद्दाम."

"माहीत... आहे."

"मग का पुसलास?"

आईने दगड खाली ठेवला. जीभ सावरायला तिला वेळ लागला.

"तो गेला... तेही माहीत आहे," ती म्हणाली. "त्याने सांगितलं."

दादा गजाला धरून उभा राहिला.

"तू उचललंस. तो ओढतो." ती थांबली. श्वास घेतला. "मला... कुणी विचारलं?"

एवढे शब्द ती आजारी पडल्यापासून एका वेळी बोलली नव्हती.

दादा वळसा घालून घरात धावला. अंगणातून आईच्या खोलीत जायला पुढचं दार, मग मधली खोली, मग तिचं दार. चार उड्यांचा रस्ता. तो मधल्या खोलीत होता तेव्हा...

खुळखुळ.

घराच्या आत.

खुळखुळ. खुळखुळ.

आईच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असायचं. त्याने ढकललं. उघडेना. आतून कडी नव्हतीच त्या दाराला, दादाने स्वतः काढून टाकली होती, आई अडकू नये म्हणून. तरी दार उघडेना. पलीकडून कुणी पाठ लावून बसावं तसं.

"दार उघड," दादा म्हणाला. हे तो आईला म्हणाला नाही. "दार उघड. मी तुझ्या पाया पडतो."



मग... फिस्स.

आणि दार आपोआप उघडलं.

आई खाटेवर नीट झोपली होती. खिडकीशी सरकलेली बाई उशीवर डोकं ठेवून सरळ झोपली होती. डोळे मिटलेले. चादर पांढरी. तिच्या कुशीशी चादरीवर काळ्या रंगाचा फवारा उडालेला, आणि त्याच्या मधोमध कोरा हात. बोट अर्धं.

आईचा डावा हात त्या कोऱ्या हातात होता. अगदी मधोमध. आईच्या हातावर रंगाचा एक थेंब नव्हता.

खोलीत थिनरचा वास भरला होता, गॅरेजमध्ये असतो तसा.

डॉक्टर आले. म्हणाले, हृदय बंद पडलं, या वयात होतं. चादरीचं त्यांनी विचारलं नाही. थोरलीने ती धुवायला काढली तेव्हा दादाने तिच्या हातातून हिसकावली. लग्न झाल्यापासून त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला. मारलं नाही. पण ती ते विसरली नाही.

धाकटी आली होती. ती दारातूनच आईच्या पाया पडली आणि जाताना दादाला म्हणाली, "झाली का वाटणी पूर्ण?"

इथे संपायला हवं होतं. ज्याला जे न्यायचं होतं ते त्याने नेलं.

पण आईला जाऊन पंधरवडाही झाला नसेल. दादा दुपारी अंगणात आला तर भिंतीवर, पहिल्या जागी, अगदी खिडकीच्या समोर, हात होता.

खुळखुळ ऐकू आली नव्हती. फिस्सही नाही. रंग ओला नव्हता, जुना होता, कित्येक महिन्यांचा असावा तसा. जणू तो कधी पुसलाच गेला नव्हता.

त्याच्या शेजारी दुसरा हात होता. लहान. बोटं म्हातारपणाने किंचित वाकडी. हा कुणाचा, तेही विचारावं लागलं नाही.

दादा तेव्हा माझ्याकडे आला. तेव्हाच त्याने मला पहिल्यांदा हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, आईला घेऊन गेला, आता राहिलं काय त्याचं? दादा स्वतःच्या हातांकडे बघत होता. नखांत खडूची पांढरी भुकटी अजून होती.

"बोट राहिलंय," तो म्हणाला.

त्याने भिंतीला हात लावला नाही. पॉलिशचं मशीन विकून टाकलं. दगड, ब्रश, थिनर, सगळं वाटून टाकलं. अंगणात जाणंच सोडलं. थोरलीला त्याने बजावून सांगितलं होतं, भिंत पुसायची नाही, माझा जीव त्यात आहे. ती हो म्हणाली. वेड्याला हो म्हणतात तसं.

मी त्या घरी शेवटची गेले तेव्हा भिंत बघितली. दादाच्या खोलीची खिडकी तिच्या डाव्या टोकाला आहे. हात दोन्ही होते तिथेच होते. फक्त मला आठवत होतं, बोटं वरच्या दिशेला होती. आता ती डावीकडे कललेली वाटली. म्हातारीच्या डोळ्यांचा काय भरवसा. मी कुणाला बोलले नाही.

आज ते घर बंद आहे. मी तिकडून जात नाही. दुपारी तर नाहीच.

धाकटा गेला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. आई गेली त्याच वर्षीच्या थंडीत, दुपारी. दादा गेला पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी, जेवून पडला होता तेव्हा. मुलगी सुट्टीला घरी येणार म्हणून थोरलीने त्या सकाळी माणूस बोलावून सगळी भिंत घासून घेतली होती.